क्रूसावरची अक्षरे

परवा पिंपरीच्या आमच्या शाळेत पंडिता रमाबाईंविषयी सांगत होतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, आपणहून ख्रिस्ती झाल्या, मग तिथल्यांशी भांडल्या कशाला?"

पोराने नेमके दुखण्यावर बोट ठेवले. बाईंनी १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला खरा; पण बुद्धी काही मठाच्या दाराशी काढून ठेवली नाही. त्रैक्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. तसे त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना सरळ लिहिले. या जेराल्डीन म्हणजे त्यांच्या धर्ममातेच्या ठिकाणी. छोटी मनोरमा तर त्यांना 'आजीबाई' म्हणे! त्यांना हा गर्व वाटला. क्रूसावरच्या लॅटिन अक्षरांवरूनही वाद झाला. जी भाषा मला कळत नाही, माझ्या देशबांधवांना कळत नाही, ती गळ्यात कशाला? त्यापेक्षा संस्कृत बरे, असे बाईंचे म्हणणे. (शाकाहारही सोडला नाही, हे मला फार आवडते.)

पुढे त्यांची श्रद्धा पालटली. तीही स्वतःच्याच वाटेने. केडगावला बसून हिब्रू-ग्रीकवरून मराठी बायबल त्यांनी स्वतः सिद्ध केले.

त्या भांडणाची पत्रे जेराल्डीनबाईंनीच जपली. १९७७ साली ती ग्रंथरूपाने निघाली, इंग्रजीत. त्या मुलासाठी दोनचार मराठीत उतरवायला घेतली आहेत.