पानावरची जाहिरात, वाचकामागची जाहिरात

आमच्या इंदूरच्या वाचनालयाच्या माळ्यावर जुन्या वार्षिकांकांचे गठ्ठे बांधून ठेवलेले आहेत. सूची करण्याच्या निमित्ताने मध्यंतरी ते खाली उतरवले, तेव्हा लेखांपेक्षा अंकांच्या अखेरच्या पानांवरच आमची नजर अधिक रेंगाळली. सराफ्यातील पेढी, खजुरी बाजारातील पुस्तकांचे दुकान, लग्नाच्या शालूंचे व्यापारी, मंगल कार्यालय. आणि एखाद्या चौकटीत नाव-गाव काही न देता नुसतेच 'एका हितचिंतकाकडून'. जाहिरात देणाऱ्यांत मारवाडी, गुजराती, बोहरी असे पुष्कळ होते. त्यांना आमच्या कविसंमेलनांशी काही कर्तव्य नव्हते. हा अंक रामबागेत आणि लोकमान्य नगरात घरोघरी जातो, आणि त्या घरांत दर वर्षी कुठे ना कुठे एखादे लग्नकार्य निघतेच, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

जाहिरात कोणाला दिसावी, याची आखणी तेव्हा इतकी सोपी होती. व्यापारी पान विकत घेई आणि पानाबरोबर वाचक येई. बेळगावात १९१९ साली निघालेल्या 'तरुण भारत'ला किंवा गोव्यात १९६२ साली सुरू झालेल्या 'गोमन्तक'ला जाहिरात देणारा स्थानिक दुकानदार हाच हिशेब करी. मराठी गिऱ्हाईक कोठे भेटेल, तर मराठी पत्र वाचताना. आणि म्हणूनच त्या पत्राला किंमत. यात पैसा वाया जाई, हे खरे. ज्याच्या घरी लग्न नाही त्यालाही शालूची जाहिरात दिसे. जाहिरातीवरचा निम्मा खर्च फुकट जातो, पण तो निम्मा कोणता हे कळत नाही, अशा आशयाचा एक उद्गार फिलाडेल्फियाचे व्यापारी जॉन वानामेकर यांच्या नावावर सांगितला जातो.

तो निम्मा खर्च शोधून काढण्याचा खटाटोप म्हणजेच महाजालावरील जाहिरातीचा इतिहास, असे आम्हांस वाटते. हा इतिहास जेमतेम तीस वर्षांचा आहे. परंतु लहान नियतकालिकाच्या हातून त्याचा वाचक कसा निसटला, हे त्यात स्वच्छ दिसते.

सॅन फ्रान्सिस्कोच्या 'वायर्ड' मासिकाने २७ ऑक्टोबर १९९४ रोजी 'हॉटवायर्ड' हे संकेतस्थळ सुरू केले आणि त्याच्या पानांच्या माथ्यावर आडव्या पट्ट्या विकल्या. त्यांपैकी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची पट्टी इतिहासात राहिली. तिच्यावर कंपनीचे नावही नव्हते. येथे कधी टिचकी मारली आहे काय, अशा अर्थाचा प्रश्न आणि 'माराल' असे भाकीत, एवढेच. टिचकी मारणाऱ्यास कलासंग्रहालयांची सफर घडे. पाहणाऱ्या शंभरांतील चव्वेचाळीस जणांनी ती मारली, असे त्या जाहिरातीच्या कर्त्यांनी पुढे सांगितले. नवलाई होती ती. आज अशा पट्टीला शंभरात एकही टिचकी न मिळणे ही सर्वसाधारण स्थिती आहे.

लक्षात घेण्याची गोष्ट ही, की हॉटवायर्डने विकले ते पानच. वर्तमानपत्राची रीत तशीच पडद्यावर आली होती. दरही हजारी लावण्याची जुनीच पद्धत, फक्त हजार प्रतींऐवजी हजार 'दर्शनांमागे'. १९९६ साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने याहूशी करार करताना दर्शनाचे नव्हे, टिचकीचे पैसे देऊ, असा आग्रह धरला. पण पैसे कशाचे, एवढाच तो वाद होता. जाहिरात पानाला चिकटलेली होती ती होतीच. तिला पानापासून सोडवले ते जाहिरातीसाठी मुळी न केलेल्या एका लहानशा युक्तीने.

नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या तरुण अभियंत्याने १९९४ साली 'कुकी' योजली. संकेतस्थळाला स्मरणशक्ती नसते. पान उलटले की आलेला माणूस कोण होता हे ते विसरते. मग दुकानात निवडलेल्या वस्तू टोपलीत राहाव्यात कशा? यावर तोड अशी, की संकेतस्थळाने येणाऱ्याच्या संगणकात एक चिठ्ठी ठेवावी आणि पुढच्या खेपेस ती वाचावी. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर मिळणारा बिल्ला वाचकांनी डोळ्यांसमोर आणावा. बिल्ल्यावर आपले नाव नसते, नुसता आकडा असतो. आणि एका देवळाचा बिल्ला दुसऱ्या देवळात चालत नाही. माँटुली यांचा हेतूही तोच होता.

परंतु पानावरची जाहिरात त्या पानाच्या मालकाकडून येत नसे. ती जाहिराती पुरवणाऱ्या तिसऱ्याच कंपनीच्या संगणकावरून येई, आणि येताना स्वतःची चिठ्ठी ठेवून जाई. ही कंपनी हजारो संकेतस्थळांना जाहिराती पुरवत असेल, तर सर्व देवळांबाहेर चपला सांभाळायला एकच माणूस बसल्यासारखे झाले. सकाळी मारुतीला, दुपारी दत्ताला, संध्याकाळी पुस्तकांच्या दुकानात कोण गेले, हे त्याला आकड्यावरून कळू लागले. हा धोका तज्ज्ञांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. फेब्रुवारी १९९७ मध्ये महाजालाच्या मानकमंडळाने काढलेल्या आरएफसी २१०९ या दस्तऐवजात अशा तिसऱ्या पक्षाच्या चिठ्ठ्या मुळात स्वीकारू नयेत, निदान वापरणाऱ्याने मुद्दाम परवानगी दिल्याखेरीज तरी नकोत, असे सुचवले होते. ब्राउझर बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी ते मानले नाही. पुढचे सारे रामायण त्या एका न मानण्यातून घडले.

न्यूयॉर्कच्या डबलक्लिक कंपनीने या चिठ्ठीवर जाहिरातमोहिमेच्या आखणीचे नवे शास्त्र उभारले. एका माणसाला एक जाहिरात ठराविक वेळांपेक्षा अधिक दाखवायची नाही. अमुक शहरात, अमुक वेळेलाच दाखवायची. दुकानात डोकावून न घेता गेलेल्याच्या मागे ती वस्तू लावून द्यायची. आणि कोणत्या दर्शनातून शेवटी विक्री झाली, याचा ताळा ठेवायचा. जाहिरातदाराच्या दृष्टीने ही क्रांती होती, आणि तिच्यात लबाडी होती असे आम्ही म्हणणार नाही. एकच साबण दिवसातून चाळीसदा दिसू नये, यात पाहणाऱ्याचेही हित आहे.

लबाडीचा प्रश्न आला तो जून १९९९ मध्ये. डबलक्लिकने अबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. अबॅकसकडे टपालाने वस्तू मागवणाऱ्या कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांची नावे, पत्ते आणि खरेदीचा तपशील होता. म्हणजे बिल्ल्याचा आकडा एका वहीत आणि नावनिशी दुसऱ्या वहीत, आणि दोन्ही वह्या आता एकाच मालकाच्या कपाटात. दोन्ही जोडण्याचा बेत उघड होताच गहजब झाला. तक्रार अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगापर्यंत गेली, समभाग घसरले, आणि मार्च २००० मध्ये कंपनीचे प्रमुख केव्हिन ओकॉनर यांनी आपली चूक झाल्याचे जाहीरपणे मान्य करून बेत थांबवला. जनमताने एवढ्या मोठ्या कंपनीचा हात धरल्याची ही घटना आम्हांस महत्त्वाची वाटते. मात्र तिचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे. एप्रिल २००७ मध्ये गूगलने ३.१ अब्ज डॉलरना डबलक्लिक घेण्याचे ठरवले, मार्च २००८ मध्ये तो व्यवहार पुरा झाला. आणि २०१६ च्या उन्हाळ्यात गूगलने आपल्या गोपनीयता-धोरणातील एक वाक्य बदलून, या जाहिरात-चिठ्ठ्यांतून कळणारा वावर खातेदाराच्या नावाशी जोडण्याची वाट मोकळी केली. सोळा वर्षांपूर्वी जिच्यासाठी आकाशपाताळ एक झाले होते, त्याच गोष्टीची या खेपेस वृत्तपत्रांत दखल आली तीही काही महिन्यांनी.

दरम्यान विक्रीची रीतही पालटली होती. २००९-१० च्या सुमारास प्रत्येक दर्शनाचा स्वतंत्र लिलाव सुरू झाला. आपण पान उघडतो, ते पुरते दिसण्याच्या आत आपले वर्णन अनेक बोली लावणाऱ्यांकडे जाते, बोली लागते, आणि जिंकणाऱ्याची जाहिरात येऊन बसते. साऱ्याला सेकंदाचा दहावा हिस्सा पुरतो. शिवाय दुकानदाराने आपल्या गिऱ्हाइकांच्या ईमेल-पत्त्यांची यादी चढवावी आणि कंपनीने ती आपल्या खातेदारांशी पडताळून नेमक्या त्याच माणसांना जाहिरात दाखवावी, अशी सोय फेसबुकने २०१२ साली आणि गूगलने २०१५ साली करून दिली. 

येथे पानाची किंमत संपली. एखादे गंभीर नियतकालिक वर्षानुवर्षे कष्ट करून चोखंदळ वाचक जमवते. पूर्वी त्या वाचकापर्यंत जायचे तर त्या नियतकालिकाचाच उंबरा ओलांडावा लागे. आता तोच वाचक तासाभराने क्रिकेटचा धावफलक पाहताना किंवा मोबाईलवर पत्ते खेळताना थोडक्या पैशांत गाठता येतो. वाचक घडवला एकाने, विकला दुसऱ्याने.

आता आमची, महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांची गोष्ट. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख होते. त्यांतील पावणेआठ कोटींच्या आसपास महाराष्ट्रात. उरलेल्या सुमारे ५५ लाखांपैकी कर्नाटकात २० लाखांहून अधिक, मध्य प्रदेशात १२ लाखांहून अधिक, गुजरातेत ९ लाखांहून अधिक. ही संख्या लहान नव्हे. युरोपातील काही देश याहून लहान आहेत. परंतु मोहिमेची आखणी करणारा मुंबईतला तरुण पडद्यावर दोन खुणा करतो: प्रदेश महाराष्ट्र, भाषा मराठी. या दोन खुणांमध्ये यंत्र 'आणि' धरते, 'किंवा' धरत नाही. इंदूरचे, वडोदऱ्याचे, बेळगावचे मराठी घर त्या 'आणि'पाशी गळून पडते. इंदूरसाठी आखलेल्या मोहिमेत भाषा हिंदी, वडोदऱ्याच्या मोहिमेत गुजराती, बेळगावच्या मोहिमेत कन्नड. मराठी पुस्तकांच्या सवलतीची जाहिरात आम्हांला दिसत नाही याचे कारण कोणाचा आकस नाही. आम्ही कोणाच्या चौकटीत बसत नाही, इतकेच. जुन्या संस्थानी कागदांत जसे आम्ही 'दक्षिणी' म्हणून तरी नोंदले जात होतो, तेवढेही येथे नाही.

भाषा ओळखण्याची यंत्राची रीतही आमच्या विरुद्ध जाते. गूगलची जाहिरात-व्यवस्था हिंदी पानांसाठी २०१४ च्या अखेरीस खुली झाली. मराठीला आणखी काही वर्षे वाट पाहावी लागली. आणि माणसाची भाषा ठरते ती बहुतांशी त्याच्या यंत्रातील निवडीवरून आणि तो पाहत असलेल्या पानांवरून. आमच्या घरांतून फोन इंग्रजीत, बातम्या हिंदीत, आणि मराठी मात्र देवघरात, स्वयंपाकघरात आणि भांडणात. ती यंत्राला ऐकू जात नाही.

याचा अनुभव आमच्या मंडळाने स्वतः घेतला. नाट्यमहोत्सवाची तिकिटे खपावीत म्हणून एका उत्साही सभासदाच्या सल्ल्याने आम्ही अशी एक लहानशी मोहीम आखली. प्रथम 'इंदूर' आणि 'मराठी' अशा दोन्ही खुणा केल्या, तर जाहिरात फारशी कोणाला दिसेचना. मग भाषेची खूण काढली. दर्शने धो-धो वाढली, टिचक्याही आल्या, आणि पैसे चार दिवसांत संपले. नंतर हिशेब उलगडून पाहिला तेव्हा कळले, की 'इंदूर'मध्ये इंदुरात राहणाऱ्यांबरोबरच इंदूरविषयी कुतूहल असणारेही धरलेले होते. तशी खूण आधीच केलेली होती आणि आम्ही ती बदलली नव्हती. बाकीच्या टिचक्या बहुतेक लहान मुलांच्या मोबाईल-खेळांतून आलेल्या. म्हणजे आमचे तीन अंकी नाटक कोणा चिमुरड्याच्या बोटाखाली फुग्यासारखे फुटत होते. तिकिटे शेवटी खपली ती सभासदांनी घरोघरी फिरूनच.

उलटा प्रवाह अगदीच नाही असे नव्हे. नेदरलँड्सच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने जानेवारी २०२० पासून आपल्या संकेतस्थळांवर पाळत ठेवणाऱ्या चिठ्ठ्या बंद केल्या आणि केवळ चालू कार्यक्रमाचा विषय पाहून जाहिराती लावल्या. पहिल्या महिन्यांतले उत्पन्न आदल्या वर्षीपेक्षा वाढले. युरोपचा वैयक्तिक माहितीविषयीचा नियम २५ मे २०१८ पासून लागू झाला. भारताने २०२३ साली केलेल्या कायद्यात मुलांना उद्देशून असे लक्ष्य साधण्यास मनाई आहे. जानेवारी २०२० मध्ये गूगलने तिसऱ्या पक्षाच्या चिठ्ठ्या दोन वर्षांत हद्दपार करू असे सांगितले होते; मुदत वाढत वाढत गेली आणि जुलै २०२४ मध्ये तो विचारच सोडून दिला. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयाने, या कंपनीने जाहिरात-विक्रीच्या दोन बाजारपेठांत बेकायदा मक्तेदारी राखली, असा निर्णय दिला.

प्रस्तुत अंकाच्या वेळची एक हकीकत सांगून थांबतो. आमच्या अंकाला तीन पिढ्या जाहिरात देणाऱ्या एका पेढीचे सध्याचे चिरंजीव आले. अतिशय अदबीने म्हणाले, "काका, पानाचे पैसे देतोच, पण पान नको. सभासदांच्या मोबाईल क्रमांकांची यादी द्या. मी ती चढवतो आणि लग्नसराईत नेमक्या त्याच घरांत जाहिरात दाखवतो." त्यांच्या बोलण्यात खोट काहीच नव्हती. त्यांच्या आजोबांना जे ठाऊक होते, तेच ते नव्या रीतीने मागत होते. कार्यकारिणीच्या दोन बैठका झाल्या. छपाईचा खर्च कोठून काढावा, हा प्रश्न खजिनदारांनी दोन्ही वेळा मांडला, आणि तो रास्तच होता. पण सभासदांनी आपले क्रमांक अंक घरी यावा म्हणून दिले होते. यादी दिली नाही. मलपृष्ठाच्या आतल्या बाजूची ती चौकट त्यामुळे या खेपेस कोरी गेली असती. ती आमच्याच एका सभासद कुटुंबाने घेतली आहे. मजकूर आम्ही जुन्या अंकातून उतरवला: 'एका हितचिंतकाकडून'.