राजनांदगावची वाट

ईस्टरपूर्वीचे चाळीस दिवस अनेक ख्रिस्ती पंथ उपवास, प्रार्थना आणि आत्मपरीक्षण यांत घालवितात. रायपूरच्या चर्चमधूनही या काळात येशूच्या दुःखसहनाचे चिंतन चालते. त्या चिंतनाच्या मुळाशी एक जुनाच प्रश्न आहे : देव दयाळू असेल, तर निरपराध माणसाच्या वाट्यास दुःख का यावे? या प्रश्नाशी एका मराठी दांपत्याने दीर्घकाळ झुंज घेतली. त्या कथेचा आरंभ रायपूरपासून सुमारे सत्तर किलोमीटरांवरील राजनांदगावच्या वाटेवर झाला.

राजनांदगाव हे त्या काळी मध्य प्रांतातील एक मांडलिक संस्थान होते. नोकरीच्या निमित्ताने कवी नारायण वामन टिळकांचा त्याच्याशी संबंध आला. १८९३ च्या सुमारास नागपूरहून तिकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांची गाठ पडली. काव्याच्या गोष्टी निघाल्या आणि उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला. वाचण्याचे वचन टिळकांनी पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच त्यांचे मन तेथे खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळकांच्या चरित्रातील ही घटना तेजस्वी खरी. परंतु इतिहासाने तिची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. हा निर्णय लक्ष्मीबाईंनी घेतला नव्हता. त्याचे फळ मात्र त्यांना भोगावे लागले. अकराव्या वर्षी लग्न झालेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती स्त्री पती हयात असताना पतीला अंतरली. पंढरपुरात आप्तांच्या आधाराने त्यांनी दिवस काढले. पतीची श्रद्धा हेच पत्नीच्या दुःखाचे कारण व्हावे, याहून कठीण प्रसंग कोणता?

पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, त्याही आपले आचार न सोडता. टिळकांच्या मताला त्यांनी केवळ पतीचे मत म्हणून मान तुकविली नाही. जातिभेद देवाने निर्माण केला की माणसाने, हा विचार त्यांनी स्वतःच्या बुद्धीने केला. तो मानवनिर्मित आहे असे पटताच त्यांनी शिवाशीव टाकून दिली. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो या आंतरिक प्रवासाच्या शेवटी.

येथे ईस्टरपूर्व चिंतनाचा मर्मभाग उमगतो. शुभवर्तमानातील येशू दुःखाला हसतमुखाने सामोरा जात नाही. गेथशेमाने बागेत तो व्याकूळ होतो. वधस्तंभावरून तो देवालाच प्रश्न विचारतो. तथापि तो प्रश्न देवाकडे पाठ फिरवून केलेला नाही, देवाकडे तोंड करून केलेला आहे. ख्रिस्ती परंपरेत विश्वास म्हणजे दुःखाचा इन्कार नव्हे. दुःखातही संवाद न तोडणे होय. लक्ष्मीबाईंनीही आपले प्रश्न गिळले नाहीत. त्या रागावल्या, रडल्या, भांडल्या. परंतु पतीशी आणि देवाशी असलेले नाते त्यांनी तोडले नाही.

९ मे १९१९ रोजी, त्या वर्षीच्या ईस्टरनंतर तीन आठवडे लोटण्यापूर्वीच, टिळकांचे निधन झाले. येशूच्या जीवनावरील त्यांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. कधी शाळेचे तोंड न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंनी ते काम अंगावर घेतले आणि त्याचे बहुतेक अध्याय रचले. ज्या कथेने त्यांचा संसार एकदा मोडला होता, तीच कथा त्यांनी आपल्या हाताने पुढे नेली. १९३४ पासून त्यांची 'स्मृतिचित्रे' प्रसिद्ध होऊ लागली. त्यांत त्यांनी आपली दुःखे सांगितली, पण कडवटपणाने नव्हे. बरेचदा तर हसत हसत. १९३६ मध्ये त्या निवर्तल्या.

दुःख का येते, याचे उत्तर टिळक दांपत्याने दिले नाही. गुड फ्रायडेची कथाही ते देत नाही. ती एवढेच सांगते, की शुक्रवारचा अंधार खरा असतो, आणि रविवारची पहाट त्या अंधारातून चालत गेलेल्यालाच दिसते. पतीला ही वाट आगगाडीतल्या एका पुस्तकाने दाखविली. पत्नीला ती वियोगाच्या वर्षांतून स्वतःच शोधावी लागली.