दंतवल्क : सूक्ष्मरचना आणि चर्वण

दाताच्या दिसणाऱ्या भागावरचे कठीण आवरण म्हणजे दंतवल्क अथवा इनॅमल. माणसाच्या शरीरातला हा सर्वांत कठीण पदार्थ असून वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिज, मुख्यतः हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट, असतो. पण हे खनिज कठीण असते तितकेच ठिसूळही. शिवाय दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत नष्ट झालेल्या असतात. लाळेतील कॅल्शियम-फॉस्फेटमुळे पृष्ठभागाचे खनिज थोडेफार भरून निघते, पण हाड सांधते तसे चिरलेले दंतवल्क सांधत नाही. दाढांवर काही शे न्यूटन जोर पडू शकतो आणि तरी हे आवरण अनेक दशके टिकते. याचे श्रेय निव्वळ कठीणपणाला देणे अपुरे आहे. भेग टाळणे दंतवल्काला साधत नाही. पडलेली भेग अडवणे मात्र साधते, आणि ते सूक्ष्मरचनेचे काम आहे.

शंभर नॅनोमीटरहूनही कमी रुंदीचे हजारो स्फटिक एकत्र येऊन सुमारे ५ मायक्रोमीटर जाडीचा एक दंड बनतो. दंतवल्काखालच्या दंतिनाच्या (डेंटिनच्या) सीमेपासून निघालेले हे दंड जवळजवळ पृष्ठभागापर्यंत जातात. बाहेरच्या थरात ते बरेचसे समांतर असतात. आतल्या थरात त्यांचे जुडगे एकमेकांना छेदत जातात आणि दाढेच्या उंचवट्यांखाली ही गुंतागुंत सर्वाधिक असते. दात उभा कापून प्रकाशात पाहिल्यास या छेदांमुळे हंटर-श्रेगर पट्टे दिसतात. दोन दंडांमधली सीमा भेगेला सोपी वाट देते. बाहेर ती वाट सरळ असते, आत मात्र भेगेला वळावे लागते, फाटे फुटतात आणि मागे न तुटलेले दुवे राहतात. म्हणूनच पृष्ठभागाकडून आत जाताना कठीणपणा घटतो, पण भेगेला होणारा विरोध वाढतो. झिजेशी सामना बाहेर आणि तडकण्याशी आत, अशी ही विभागणी आहे. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार एकाच दंडातले शेजारचे स्फटिकही १ ते ३० अंशांनी वेगळ्या दिशेला असतात. म्हणजे भेग वळवण्याची सोय त्या पातळीवरही आहे.

यावर आक्षेप असा की, असे पट्टे कित्येक सस्तन प्राण्यांत आढळतात, मग मानवी चर्वणाशी त्यांचा संबंध कसा? माणसाच्या आहाराने ही रचना घडवली, असे म्हणणे खरोखरच चूक ठरेल. ती त्याला वारशाने मिळाली आहे. पण उगम जुना असला म्हणून आजचे कार्य खोटे ठरत नाही. मानवी दातांतही हे पट्टे चावण्याच्या आणि कापण्याच्या पृष्ठभागांजवळ अधिक दाट असतात. दुसरा आक्षेप जाडीचा : उंचवट्यांवर सुमारे २.५ मिलिमीटर जाडी असताना दंडांच्या या विणीची गरज काय? जाडी वाढली की दात तडकायला अधिक जोर लागतो, हे मान्यच आहे. परंतु भेग सुरू झाल्यावर ती कुठवर जाईल हे बरेचसे विणीवर ठरते, आणि वीण बसायला पुरेशी जाडीही लागते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. पुष्कळ दात तडकून नव्हे, तर झिजून निकामी होतात. जात्याच्या दगडातून पिठात आलेले क्वार्ट्झचे कण अ‍ॅपेटाइटपेक्षा कठीण असतात. ते एकेक ओरखड्याने पृष्ठभाग खरवडतात आणि खोलवरची वीण तिथे फारशी उपयोगी पडत नाही. आम्लाने होणाऱ्या झिजेत तर स्फटिकच विरघळतात.