क्रोमचाकांचे पुनरुज्जीवन

जुन्या मोटारींच्या पोलादी चाकांवरील क्रोमियमच्या मुलाम्याला लागलेला गंज काढून तो मुलामा टिकवणे, किंवा तो निकामी झाला असल्यास नव्याने चढवणे, याला क्रोमचाकांचे पुनरुज्जीवन म्हणतात. हा मुलामा एकाच धातूचा नसतो. विद्युत्‌विलेपनाने, म्हणजे धातूच्या क्षारांच्या द्रावणातून वीजप्रवाह सोडून, पोलादावर बहुधा आधी तांब्याचा, मग निकेलचा आणि शेवटी क्रोमियमचा थर बसवतात. निकेलचा थर साधारणतः १० ते ४० मायक्रॉन जाड असतो (१ मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर क्रोमियमचा थर बहुधा अर्ध्या मायक्रॉनहूनही पातळ असतो.

क्रोमियमला तांबडा गंज चढत नाही. मात्र त्याच्या थराला सूक्ष्म भेगा असतात आणि निकेललाही छिद्रे पडली की ओलावा पोलादापर्यंत पोहोचतो. निकेलपेक्षा लोखंड विद्युत्‌रासायनिकदृष्ट्या अधिक क्रियाशील असल्यामुळे तेथे लोखंडच झिजते. म्हणून वर दिसणारा तांबडा ठिपका हे आत चाललेल्या झिजेचे केवळ तोंड असते. खाऱ्या हवेत, उदाहरणार्थ मुंबई व कोकणच्या किनाऱ्यावर, क्लोराइडामुळे ही झीज वेगाने होते.

ठिपके वरवरचे असल्यास चाक धुऊन, ओल्या ॲल्युमिनियमच्या वर्खाने हलक्या हाताने घासतात. ॲल्युमिनियम क्रोमियमहून पुष्कळ मऊ असल्याने ओरखडे पडण्याची भीती कमी राहते. हट्टी गंजावर ऑक्झॅलिक किंवा फॉस्फरिक आम्लाचे सौम्य द्रावण लावून ते लगेच धुतात. हायड्रोक्लोरिक आम्ल क्रोमियमलाच विरघळवत असल्याने ते कटाक्षाने टाळावे. शेवटी चाक पूर्ण कोरडे करून मेणाचा हात देतात, परंतु गेलेला धातू यांपैकी कोणत्याही उपायाने परत येत नाही.

मुलाम्याचे पापुद्रे निघू लागल्यावर घासणे व्यर्थ ठरते. अशा वेळी जुने थर उतरवून, पोलाद घासून-पुसून गुळगुळीत करून सगळे थर पुन्हा द्यावे लागतात. जॅग्वार ई-टाइपसारख्या (१९६१) मोटारींच्या तारांच्या चाकांत हे काम सर्वांत किचकट होते, कारण तारा सोडवल्याशिवाय त्यांच्या टोकांशी दडलेला गंज निघत नाही. अशी बरीच चाके कारखान्यातून रुपेरी रंगातच येत आणि क्रोमसाठी जादा पैसे मोजावे लागत. त्यामुळे हौशी मालकाने चढवलेले क्रोम म्हणजे मूळ रूपच, असे समजण्याचे कारण नाही.

विलेपनाच्या वेळी उच्च ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. त्यामुळे मुलाम्यानंतर अशा तारा भट्टीत तापवून हायड्रोजन बाहेर काढणे किंवा त्यांऐवजी स्टेनलेस पोलादाच्या नव्या तारा घालणे इष्ट. जोडणीनंतर प्रत्येक तार हलकेच ठोकून पाहतात: ताणलेली तार खणखणते, सैल तार बद्द वाजते, आणि अशी तार राहिलेले चाक रस्त्यावर आणू नये.