सेंद्रिय संश्लेषणात प्रकाश व विद्युत्

सेंद्रिय संश्लेषणाला भट्टीची उष्णता व तीव्र विक्रियाकारके हवीतच, असा समज रूढ आहे. इतिहास मात्र निराळे सांगतो. १८४९ साली हेर्मान कोल्बे यांनी कारबॉक्सिलिक अम्लांच्या लवणांचे विद्युत् विच्छेदन करून हायड्रोकार्बने मिळविली. रेणूतील इलेक्ट्रॉन काढून घेण्याचे कार्य तेथे धनाग्राने केले; निराळे ऑक्सिडीकारक द्रव्य लागले नाही.

पुढे बोलोन्या येथे जाकोमो चामिचान यांनी प्रयोगशाळेच्या गच्चीवर काचपात्रे मांडून केवळ सूर्यप्रकाशात विक्रिया घडविल्या. कोळसा हा साठविलेला सूर्यप्रकाश असून तो अक्षय नाही, असे त्यांनी १९१२ साली न्यूयॉर्क येथील व्याख्यानात प्रतिपादिले.

या दोन वाटा पुण्यात एकत्र आलेल्या दिसतात. १९५० साली उद्‌घाटन झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत गणेश पांडे यांनी प्रकाशप्रेरित इलेक्ट्रॉन-स्थानांतराच्या साहाय्याने नायट्रोजनयुक्त वलये रचिली. कोल्बे यांच्या धनाग्राचे कार्य येथे प्रकाशाने उद्दीपित झालेला रेणू करतो.

तथापि विजेला विक्रियाकारक मानले, म्हणजे तिच्या उगमाचा विचारही ओघाने प्राप्त होतो. नागपूर जिल्ह्यातील मौदा येथील २,३२० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र कोळशावर चालते. अशा विजेवरील विद्युत् घटात विषारी ऑक्सिडीकारक टळेल. कोळसा टळणार नाही. चामिचान यांनी उपस्थित केलेला प्रश्न या अर्थाने अद्याप सुटावयाचा आहे.