आयझॅक मर्फी : अमेरिकी अश्वशर्यतीतील कर्तृत्व आणि वर्णभेद

प्रस्तावना : अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट झाली. हे स्वातंत्र्य व्यवहारात कितपत उतरले, याचा शोध क्रीडा-इतिहासातूनही घेता येतो. प्रस्तुत लेखात कृष्णवर्णीय जॉकी आयझॅक मर्फी (१८६१-१८९६) याच्या कारकिर्दीचा या दृष्टीने विचार केला आहे.

पार्श्वभूमी : केंटकी राज्यातील अश्वपालन गुलामांच्या श्रमावर उभे होते. घोड्यांची निगा, शिकवण व स्वारी ही कामे प्रामुख्याने त्यांच्याकडे असत. मुक्तीनंतर हे कौशल्यच त्यांचे भांडवल ठरले. १८७५ च्या पहिल्या केंटकी डर्बीत १५ पैकी १३ जॉकी कृष्णवर्णीय होते.

कारकीर्द : मर्फीने १८८४, १८९० व १८९१ मध्ये केंटकी डर्बी जिंकली. ती तीनदा जिंकणारा तो पहिला जॉकी होय. स्वतःच्या हिशोबानुसार त्याने १,४१२ पैकी ६२८ शर्यती जिंकल्या, म्हणजे ४४ टक्के. उपलब्ध नोंदींतून १,५३८ पैकी ५३० विजय सिद्ध होतात. हे सुमारे ३४ टक्क्यांचे प्रमाणही असामान्यच आहे. जून १८९० मध्ये सॅल्व्हेटर या घोड्यावरून त्याने टेनीवर मिळविलेला निसटता विजय देशभर गाजला. मात्र ऑगस्टमध्ये मॉनमाउथ येथील शर्यतीत तो घोड्यावर तोल सांभाळू शकला नाही, तेव्हा त्याच्यावर मद्यपानाचा आरोप होऊन निलंबनाची कारवाई झाली. वजन घटविण्यासाठीच्या उपासमारीने आलेला अशक्तपणा किंवा विषप्रयोग, अशी अन्य कारणेही पुढे मांडली गेली. परंतु त्याच्या लौकिकाला लागलेला डाग पुसला गेला नाही. पुढच्याच वर्षी डर्बी जिंकूनही त्याला मिळणारी कामे घटत गेली. फेब्रुवारी १८९६ मध्ये न्यूमोनियाने त्याचे निधन झाले.

मूल्यमापन : त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात वंशविभाजनास मान्यता दिली. शर्यतींतील पैसा व प्रतिष्ठा वाढत गेली, तसे गोरे जॉकी संगनमताने कृष्णवर्णीयांना अडवू लागले आणि मालकही त्यांना घोडे देईनासे झाले. पहिल्या २८ डर्बींपैकी १५ कृष्णवर्णीय जॉकींनी जिंकल्या होत्या. १९०२ नंतर मात्र त्यांच्यापैकी एकही विजेता झालेला नाही.

निष्कर्ष : १९५५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अश्वशर्यत संग्रहालयाने आपल्या सन्मानयादीत मर्फीला स्थान दिले, तेव्हा त्याची कबरही विस्मृतीत गेलेली होती. कृष्णवर्णीय जॉकी मैदानातून नाहीसे झाले, ते गुणवत्तेच्या अभावामुळे नव्हे, तर त्यांना हेतुपुरस्सर बाहेर काढल्यामुळे. कायद्याचे व समाजाचे संरक्षण नसेल, तर व्यक्तीचे असामान्य यशही तिच्या समूहाचे स्थान टिकवू शकत नाही, हेच मर्फीच्या चरित्रातून स्पष्ट होते.