डुकरांपासून होणारा मेंदूच्या आवरणांचा दाह

स्ट्रेप्टोकॉकस सुइस या जिवाणूमुळे माणसाला होणारा गंभीर आजार. व्हिएतनाम, थायलंड आणि चीनमध्ये त्याचे रुग्ण सर्वाधिक. माणसातील पहिले रुग्ण मात्र १९६८ मध्ये डेन्मार्कमध्ये नोंदले गेले. जिवाणू डुकरांच्या नाकात व टॉन्सिलमध्ये राहतो आणि वरून धडधाकट दिसणारे जनावरही तो बाळगून असते. डुकरांशी जोडलेला म्हणून जपानी मेंदूज्वर आपल्याकडे माहीत आहे. पण तो विषाणूचा आजार असून डासांमार्फत पसरतो. इथे जंतू थेट रक्तामांसातूनच येतो.

दक्षिण व्हिएतनाममध्ये प्रौढांना होणाऱ्या, जिवाणूंमुळे येणाऱ्या अशा दाहाचे हा जिवाणू सर्वांत मोठे कारण ठरला आहे. त्यामुळे जोखमीचा नेटका अभ्यासही तिथे झाला. त्यातून तीन गोष्टी पुढे आल्या: कच्चे किंवा अर्धवट शिजलेले रक्त व आतडी खाणे, डुकरांशी संबंधित व्यवसाय, आणि हाताला जखम असताना डुकराला किंवा मांसाला हात लावणे. यांत जखमेचा धोका सर्वांत मोठा निघाला. मांस चिरताना बोटाला बसलेला साधा काप जंतूला पुरेशी वाट देतो. म्हणूनच हा आजार केवळ खाटकांचा नाही; घरात मांस साफ करणाऱ्या व्यक्तीलाही तो गाठतो.

‘तिएत कान’ हा व्हिएतनाममधला ताज्या कच्च्या रक्ताचा, चिरलेले मांस किंवा अंतर्भाग घालून थिजवलेला पदार्थ. तो मेजवानीत, दारूसोबत आवडीने खाल्ला जातो. उत्तर थायलंडमध्येही कच्चे रक्त व मांस खाण्याची प्रथा आहे. अशा चालीरीती हिणवून सुटत नाहीत. डुक्कर निरोगी दिसत होते, म्हणून रक्तही सुरक्षित, हा समज खोडून काढणे अधिक उपयोगी पडते.

२००५ च्या उन्हाळ्यात चीनच्या सिचुआन प्रांतात दोनशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चाळीसच्या आसपास दगावले. बहुतेक शेतकरी होते. आजारी किंवा मेलेली डुकरे त्यांनी घरीच कापली होती. जनावर मेले तरी मांस वाया घालवणे गरीब घराला परवडत नाही, हे या साथीचे खरे कारण म्हणावे लागेल.

प्लीहा काढलेल्या, मधुमेही, यकृत बिघडलेल्या आणि अतिमद्यपान करणाऱ्या व्यक्तींना धोका अधिक असतो. रुग्णांत मध्यमवयीन पुरुष जास्त दिसतात. कापणी, पालन आणि कच्चे रक्त खाणे या तिन्ही गोष्टी त्यांच्याच वाट्याला अधिक येतात.

लक्षणे ताप, डोकेदुखी, उलट्या, मान ताठणे अशी असतात. वेळेवर योग्य प्रतिजैविके मिळाली तर या दाहातून बहुतेक रुग्ण वाचतात; जंतू रक्तात पसरून रुग्ण ‘शॉक’मध्ये गेला, तर मात्र मृत्यूचे प्रमाण झपाट्याने वाढते. वाचलेल्यांपैकी अनेकांना कायमचा बहिरेपणा येतो आणि तोल सांभाळणे अवघड होते. इतर जिवाणूंच्या मानाने इथे बहिरेपणाचे प्रमाण ठळकपणे जास्त आहे.

माणसासाठी लस उपलब्ध नाही. मांस व रक्त पूर्ण शिजवणे, जखम झाकणे, हातमोजे घालणे आणि मेलेले जनावर न कापणे हेच उपाय आहेत. प्रयोगशाळेत हा जंतू दुसऱ्याच स्ट्रेप्टोकॉकससारखा भासतो आणि त्याला चुकीचे नाव मिळू शकते. त्यामुळे रुग्णाने अलीकडे काय खाल्ले आणि हाताला जखम होती का, हे डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारणे आवश्यक असते.